विषय : कपाटात तीन पुस्तके ठेवणेबाबत

पुस्तकं तीन होती आणि कपाटाची किल्ली माझ्याकडे होती. एवढ्यावर ही हकीगत संपायला हवी होती. पण मी चौतीस वर्षं विमा कंपनीच्या दावे विभागात काढली आहेत, आणि त्या विभागात नुसती किल्ली हातात आहे म्हणून कोणी कपाट उघडत नाही.

कपाट म्हणजे आमच्या मुलुंडच्या स्नेहबंध सोसायटीचं ग्रंथालय. तळमजल्यावर सोसायटीच्या ऑफिसात, पाण्याच्या पंपाच्या स्विचशेजारी ते उभं आहे. त्यात दोनशे अकरा पुस्तकं आहेत. साठेक पाककृतींची, बरेचसे जुने दिवाळी अंक, वजन कमी करण्याचे उपाय सांगणारा एक भलामोठा जाडजूड ग्रंथ आणि बाकीची कोणी ना कोणी घर बदलताना न्यायचा कंटाळा केलेली. मी तिथला मानद ग्रंथपाल. ही नेमणूक मला कोणी दिलेली नाही. आधीचे ग्रंथपाल बदलापूरला राहायला गेले तेव्हा जिन्यात भेटले, किल्ली माझ्या हातात दिली आणि टेम्पोत बसले. आमच्याकडे बहुतेक पदं अशीच मिळतात, आणि मग ती मरेपर्यंत सुटत नाहीत.

पुस्तकं होती भीमराज ओव्हाळची. भीमराज आमच्या वर, तिसऱ्या मजल्यावर राहायचा. तीस वर्षांचा शेजार. मी सकाळी डबा घेऊन निघायचो तेव्हा तो झोपलेला असायचा आणि मी परत यायचो तेव्हा तो बाहेर पडत असायचा, त्यामुळे मैत्री जिन्यातच वाढली. तो पत्रकार होता, पण समारंभांच्या बातम्या देणाऱ्यांतला नव्हे. सत्तेतल्या माणसांनी काय काय गिळलं ते खणून काढायचं हा त्याचा धंदा. 'खुर्चीखालची जमीन' हे त्याचं पहिलं पुस्तक, एका माजी मंत्र्याने शाळांची मैदानं कशी घशात घातली त्यावर. दुसरं 'मेजवानीनंतरचे करार', परदेशी पाहुण्यांच्या पंगती उठल्यावर कुठल्या कागदावर कोणाच्या सह्या होतात त्यावर. तिसरं 'पासपोर्ट साहेबांकडे आहे'. वकिलातीतले अधिकारी घरकामाला म्हणून आपल्या गावाकडच्या बायका परदेशी नेतात आणि तिथे त्यांचे पासपोर्ट कुलुपात ठेवतात, त्या बायकांवर. या तीन पुस्तकांपायी भीमराजच्या दोन नोकऱ्या आणि एक दात गेला होता.

मी त्यातलं एकही वाचलं नव्हतं. रोज दिसणाऱ्या माणसाचं आणखी वाचायचं काय, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

जानेवारीत त्याची बायको, शकुवहिनी, कापडी पिशवी घेऊन आमच्याकडे आली. भीमराजचं हृदय तेव्हा पंधरा टक्के चालत होतं. उरलेल्या पंच्याऐंशी टक्क्यांचं काय करायचं ते डॉक्टरांनी सांगायचं सोडून दिलं होतं.

"भाऊजी, डॉक्टर म्हणतात, महिना, फार तर दोन," ती म्हणाली. "यांना विचारलं, काय हवंय का. तर काही नको म्हणाले. मग काल आपणहून म्हणाले, तीस वर्षं राहिलो इथे, खालच्या कपाटात आपली पुस्तकं कधी लागली नाहीत गं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हणालो, "वहिनी, झालं समजा."

ती गेल्यावर सुगंधा, म्हणजे आमची ही, म्हणाली, "आत्ता खाली जा, ठेवून या, आणि येताना कोथिंबीर आणा."

कोथिंबीर मी आणली. पुस्तकं मात्र टेबलावर ठेवली आणि अर्ज लिहायला बसलो. 'विषय : कपाटात तीन पुस्तके ठेवणेबाबत.' दोन प्रतींत. माझी बाजूही ऐकून घ्या. मित्राचं काम म्हणून नियमाबाहेर केलं, असं उद्या कोणी म्हणायला नको. आणि मनात असंही होतं, की कमिटीने रीतसर ठराव केला तर त्या ठरावाची प्रत भीमराजला दाखवता येईल. सोसायटीने पुस्तकं मागून घेतली, असं वाटेल. गुपचूप सरकवलेल्या पुस्तकाला कसला आलाय मान.

सुगंधा तशी मुंबईचं मराठी बोलते, पण चिडली की तिचं कुडाळ बाहेर येतं. "तुमका कोणी सांगलेला अर्ज करूक?" ती म्हणाली. "चावी तुमच्याकडे, कपाट तुमच्याकडे, माणूस थंय वर मराक टेकलोहा." मी प्रतींवर तारीख घातली.

आमचे सेक्रेटरी श्यामसुंदर रेडकर. सज्जन माणूस, पण कागद हातात आला की त्यांना आधी घाम येतो आणि मग शंका येतात. ते म्हणाले, "जयवंतराव, अर्ज केलात ते बरं केलंत. आता प्रश्न निर्माण झाला." मी विचारलं, कसला. ते म्हणाले, "म्हणजे अर्जच केला नसता तर प्रश्न नव्हता. आता कमिटीला उत्तर द्यावं लागणार."

कमिटीची बैठक महिन्याच्या दुसऱ्या रविवारी. त्या रविवारी कोरम झाला नाही, कारण कोणाचं तरी लग्न होतं आणि कमिटीतली अर्धी माणसं तिकडे जेवायला गेली होती. पुढची बैठक फेब्रुवारीत. रोज जिन्यात शकुवहिनी भेटायची. तिने एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी कोरम म्हणजे काय ते समजावून सांगितलं असतं. न विचारणाऱ्या माणसाला काय समजावणार. मी खाली-वर करायच्या वेळा बदलल्या.

फेब्रुवारीच्या बैठकीत माझा विषय सातवा होता. पहिले सहा विषय रीडेव्हलपमेंटचे. आमची इमारत पाडून बावीस मजली होणार, हे गेली अकरा वर्षं ठरतं आहे. या खेपेला बिल्डर खरंच सापडला होता आणि सगळी सोसायटी त्याला जावयासारखी जपत होती. त्याचा पुतण्या सर्वेश अधूनमधून नकाशे घेऊन यायचा. तो आला की त्याच्यासाठी खास दुकानातून बर्फी यायची.

सातवा विषय निघाला आणि विद्याधर काकांनी घसा खाकरला. विद्याधर काका पहिल्या मजल्यावर राहतात आणि कोर्टात होते. तिथे ते टंकलेखक होते, पण इतकी वर्षं निकाल टाइप केल्यामुळे ते आपणच दिलेत असं त्यांना वाटतं. त्यांनी भीमराजचं पहिलं पुस्तक कुठून तरी मिळवून चाळलं होतं.

"पान एकशे बेचाळीस," ते म्हणाले. "शाळेचं मैदान गिळणारे माजी मंत्री. नाव छापलंय सरळ. दाजीसाहेब. आता हे दाजीसाहेब म्हणजे कोण? आपल्या बिल्डरचे सख्खे थोरले बंधू."

श्यामसुंदरांनी खिशातून रुमाल काढला.

"म्हणजे उद्या तो सर्वेश इथे बसलाय, बर्फी खातोय," श्यामसुंदर म्हणाले, "आणि त्याच्या डोक्यामागे कपाटात त्याच्याच काकांचं..."

"कायद्याने कपाटवालाही आरोपी होतो," विद्याधर काका माझ्याकडे बघून म्हणाले. "लिहिणारा एक, छापणारा दोन, ठेवणारा तीन."

मग सल्ले सुरू झाले. महिला प्रतिनिधी प्रेमाताई म्हणाल्या, पाककृतींच्या मागच्या रांगेत ठेवा, तिथे पुरुष हात लावत नाहीत आणि बायकांना आता सगळं मोबाइलवर मिळतं. कोणी म्हणालं, दोनच ठेवा, मैदानाचं नको. कोणी म्हणालं, इमारत पाडणारच आहेत तर नव्या इमारतीच्या क्लबहाऊसमध्ये ठेवू, म्हणजे सुमारे पाच वर्षांनी. मी सांगितलं की लेखकाकडे पाच वर्षं नाहीत. त्यावर सगळ्यांना खरोखर वाईट वाटलं. प्रेमाताईंनी डोळे पुसले. हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण त्या खोलीत वाईट असं कोणीच नव्हतं. शेवटी ठराव झाला की ग्रंथपालांनी तिन्ही पुस्तकं वाचून लेखी अहवाल द्यावा. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणीतरी लेखी ग्रंथपाल म्हटलं होतं.

म्हणून मी ती पुस्तकं वाचली. तीस वर्षांनी आणि ठरावाने.

पहिली दोन वाचताना राग येत होता, आणि असा राग बरा असतो, कारण तो दुसऱ्यांवर असतो. तिसऱ्या पुस्तकाने मात्र माझी वाट लावली. त्यात परभणीकडची एक बाई आहे. परदेशात साहेबाच्या घरात स्वयंपाकघराच्या मागच्या बोळात झोपते. पासपोर्ट कुलुपात, पगार साहेबाच्या मर्जीवर. ती कशीबशी एक पत्र बाहेर पाठवते. ते पत्र नऊ टेबलांवरून जातं आणि प्रत्येक टेबलाचा शेरा भीमराजने जसाच्या तसा छापलाय. एक म्हणतो, तक्रार विहित नमुन्यात नाही. एक म्हणतो, अर्जदाराने समक्ष यावे. एक म्हणतो, दोन देशांचे संबंध लक्षात घेता तूर्त कार्यवाही नको. एकाही टेबलावरचा माणूस दुष्ट नाही. सहाव्या टेबलावरच्या साहेबाने तर सहानुभूती व्यक्त केली आहे. नवव्या टेबलाचा शेरा येईपर्यंत ती बाई त्या बोळातच गेली.

विहित नमुन्याचा तो शेरा मी स्वतः हजारदा मारला होता. अक्षरही माझ्यासारखंच असणार, असं मला वाटून गेलं. मी पुस्तक मिटलं आणि सुगंधाला म्हणालो, जेवायला वाढू नको. ती म्हणाली, "नऊ वाजले की भूक लागेल." लागली.

अहवालात मी लिहिलं, 'पुस्तके उत्तम आहेत. कपाटात ठेवण्यास हरकत नसावी.' खरं तर 'आजच ठेवावीत' असं लिहायचं होतं. पण 'नसावी' हा शब्द हाताला इतका सवयीचा की तोच उतरला. श्यामसुंदरांनी अहवालावर तीन शंका काढल्या. हरकत नाही की नसावी? नसावी हे कोणाचं मत? एकशे बेचाळीस नंबरच्या पानाबद्दल अहवाल मौन का आहे?

इथून माझी मुत्सद्देगिरी सुरू झाली. तळमजला आणि तिसरा मजला यांच्यामध्ये मी पंधरा दिवस वाटाघाटी केल्या. वाटाघाटी म्हणजे मी श्यामसुंदरांकडे जाऊन बसायचो, ते चहा द्यायचे आणि आम्ही दोघंही भीमराजच्या तब्येतीबद्दल हळहळायचो. भीमराजकडे जायची माझी छाती होत नव्हती. एकदा त्याचा निरोप आला, "जयवंतला म्हणावं, नसेल जमत तर राहू दे." त्या निरोपाने माझी झोप उडाली, आणि झोप उडालेल्या माणसाला जे सुचतं ते मला सुचलं. ब्राउन पेपर.

जून महिन्यात आपण सगळ्यांनी वह्या-पुस्तकांना कव्हरं घातली आहेत. कव्हर घातलेलं पुस्तक कोणाला दुखवत नाही. भूगोल काय आणि मैदानाची चोरी काय, बाहेरून सारखंच. श्यामसुंदरांनी ही कल्पना ऐकून माझा हात हातात घेतला. विद्याधर काका म्हणाले, "नुसतं दुमडू नका, निघतं. डिंकाने चिकटवा." प्रेमाताईंनी त्यांच्या नातीची लेबलं दिली, कोपऱ्यात मांजराचं चित्र असलेली. लेबलावर नाव घालायचं नाही, फक्त क्रमांक, असं ठरलं. दोनशे बारा, दोनशे तेरा, दोनशे चौदा.

सुगंधाने कव्हरं घालायला साफ नकार दिला. मी एकट्याने घातली. कोपरे छान बसले. शाळेत माझी कव्हरं वर्गात दाखवायचे. ते आठवून मला थोडा अभिमानही वाटला, आणि त्या अभिमानाची मला आजही लाज वाटते.

मार्चच्या पहिल्या रविवारी सकाळी छोटासा समारंभ ठेवला. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. भीमराजला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून आम्ही चौघांनी तीन मजले खाली आणलं. चार महिन्यांत तो पहिल्यांदा घराबाहेर पडत होता. शकुवहिनीने त्याला इस्त्रीचा निळा शर्ट घातला होता आणि त्यात तो अर्धाच उरला होता. नारळ त्याला चालत नाही म्हणून श्यामसुंदरांनी नुसती शाल आणली होती. असल्या बाबतीत आमची कमिटी फार जागरूक असते.

मी कपाट उघडलं. तिन्ही पुस्तकं मधल्या फळीवर, अगदी डोळ्यांसमोर ठेवली होती. भीमराज कपाटाकडे बघत राहिला. मग सावकाश म्हणाला, "कुठेत रे?"

"ही काय," मी म्हणालो आणि दोनशे बारा नंबरचं त्याच्या मांडीवर ठेवलं.

त्याने ते हातात धरलं. मांजराकडे पाहिलं. अंगठ्याने कव्हरचा कोपरा उचकटायचा प्रयत्न केला. नख लागेना. माझे कोपरे पक्के होते.

"नाव दिसत नाही," तो म्हणाला.

"आत आहे," मी म्हणालो. "पहिल्याच पानावर आहे. धूळ बसू नये म्हणून वरून..."

त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. निरखून पाहिलं. मग त्याची नजर श्यामसुंदरांवरून विद्याधर काकांवर गेली आणि परत माझ्यावर आली. "बरं," म्हणाला. श्यामसुंदरांनी शाल घातली. टाळ्या झाल्या. फोटो निघाला. त्या फोटोत भीमराज ब्राउन पेपरचं एक पुस्तक धरून बसला आहे, आणि मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून हसतो आहे.

अकराव्या दिवशी तो गेला.

सोसायटीने ऑफिसातच शोकसभा घेतली. श्यामसुंदरांनी निर्भीड हा शब्द सात वेळा वापरला. मी मोजत होतो, कारण दुसरं काही ऐकवत नव्हतं. बिल्डरतर्फे सर्वेश हार घेऊन आला होता आणि पुढच्याच खुर्चीवर बसला होता. फोटोसमोर टेबलावर तिन्ही पुस्तकं मांडली होती, मांजरासकट. विद्याधर काका उठले आणि म्हणाले की सत्याची कास धरणारा असा माणूस होणे नाही.

तेव्हा मला काय झालं ते माहीत नाही. मी उठलो, दोनशे बारा नंबरचं उचललं आणि कव्हर ओढलं. डिंक चांगल्या प्रतीचा होता. कव्हर निघालं, पण त्याच्याबरोबर मुखपृष्ठाची सालही निघाली, आणि भीमराजचं नाव माझ्या मुठीत आलं. मागे कोरा पुठ्ठा. मी तसंच पान एकशे बेचाळीस काढलं आणि मोठ्याने वाचलं. मैदान, सर्व्हे नंबर, दाजीसाहेबांचं नाव, सगळं. श्यामसुंदरांनी डोळे मिटून घेतले. बावीस मजले कोसळताना मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते.

वाचून झालं. सर्वेशने मोबाइल खिशात ठेवला.

"अच्छा, ते हे पुस्तक होय," तो म्हणाला. "आमच्याकडे गठ्ठे होते ना याचे. काकांनी इलेक्शनला वाटली होती. बोलायचे, बघा, पुस्तकात नाव आलंय आपलं. मस्त माणूस होते ओव्हाळसाहेब. काका पण गेले दोन वर्षांपूर्वी." मग घड्याळ बघून श्यामसुंदरांना म्हणाला, "सर, ते संमतीपत्रांचं आज होईल का?"

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. प्रेमाताईंनी चहा फिरवायला सुरुवात केली. बर्फीही होती. मी हातात कागदाचा बोळा घेऊन उभा होतो आणि कोणीही माझ्यावर चिडलेलं नव्हतं. श्यामसुंदर जवळ येऊन म्हणाले, "जयवंतराव, उगीच एवढं कव्हर फाडलंत. छान बसलं होतं."

दुसऱ्या दिवशी मी वर गेलो. शकुवहिनी एकटीच होती. तिच्याकडे उरलेल्या प्रती होत्या, त्यातला चांगला संच कपाटासाठी मागायचा, एवढंच कारण. तिने काढून दिला. मी निघालो तेव्हा म्हणाली, "भाऊजी, बसा जरा. एक सांगायचं राहिलंय."

मी बसलो.

"त्या दिवशी यांना वर आणून निजवलं ना. मग म्हणाले, जयवंतला कोणीतरी धमकावलेलं दिसतंय. मी म्हटलं, नाही हो. तर ऐकेनात. फोन आला असणार त्याला, म्हणाले. घरच्यांबद्दल काही बोलले असतील. आपल्यामुळे त्या बिचाऱ्याला ताप. संध्याकाळपर्यंत तेच. मला बघवेना. शेवटी मी म्हटलं, हो, आला होता फोन."

"मग?"

"मग म्हणाले, तरीच. नाहीतर जयवंत असं करायचा नाही. आणि शांत झोपले."

खाली पंप सुरू झाल्याचा आवाज आला. मी विचारलं, "कोणाचा फोन, असं नाही विचारलं त्याने?"

"नाही," वहिनी म्हणाली. "काहीच नाही विचारलं."

कागद स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आणि दोन माणसांनी वेगवेगळं सांगितल्याशिवाय भीमराज ओव्हाळने जन्मात एक ओळ लिहिली नव्हती. माझ्याबद्दलची ही एवढी गोष्ट मात्र त्याने बायकोच्या एका शब्दावर खरी धरली. मला फोन आला नव्हता. मला कोणाचाच फोन आला नव्हता.